रेल्वेनगरातली गृहभेट

तेहतीस वर्षं मी परंडा तालुक्यातल्या लोकांच्या घरांत न विचारता घुसले. उपकेंद्रातल्या नर्सचं कामच ते. दार उघडं दिसलं की आत जायचं, बाळ कुठंय, लस राहिली का विचारायचं, मग मोरीत जाऊन रांजणाचं झाकण उचलायचं आणि पाण्यात डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचं. असल्या तर पाणी तिथंच ओतून द्यायचं. घरची सासू किती का बोंबलेना. निघताना दाराशेजारी भिंतीवर खडूनं तारीख टाकायची, म्हणजे वरचे साहेब तपासणीला आले तर त्यांना कळावं की सिस्टर येऊन गेली. याला गृहभेट म्हणतात.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याचं खापर सगळे माझ्या थोरल्या दिरांवर फोडतात. बरेच दिवस मीही तेच करत होते.

माझं नाव मथुरा गरड. निवृत्त झाले, हातात एकरकमी पैसे आले आणि घरातल्या सगळ्यांना एकदम माझ्याशी गोड बोलायची सवय लागली. पुण्याचा मुलगा रणधीर, जो एरवी दिवाळीला फोन करतो, तो रोज रात्री तब्येत विचारायला लागला. चौथ्या दिवशी म्हणाला, "मम्मी, इकडं फ्लॅट बघतोय मी, तुझे पैसे त्यात टाकले तर आपलं सगळ्यांचंच होईल." आमचे हे, म्हणजे बलभीमराव, बाजार समितीत मापाडी होते. माणूस भला. मापात कधी पाप केलं नाही आणि घरात कधी निर्णय केला नाही. ते म्हणाले, "दादाला विचारू."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, लिंबाजीराव. लग्न होऊन आले त्या दिवसापासून हे "दादाला विचारू" मी ऐकतेय. दादाला विचारून माझ्या पगारातून बोअर पडली. दादाला विचारून दोन पुतण्यांची लग्नं झाली. एकदा तर ट्रॅक्टरचं मागचं टायर आलं. टायरवर माझं नाव घालणं शक्य नव्हतं, हे मला मान्य आहे.

मला आता एक घर पाहिजे होतं, माझ्या नावावर. राहायला नव्हे, राहायला परंड्यात आहे. भाड्यानं द्यायला. महिन्याच्या एक तारखेला सहा हजार रुपये खात्यात पडावेत आणि ते कशाला खर्च करायचे हे मी कुणाला विचारू नये. आणि कुणी मला विचारलं, तर मी सांगू नये. बस्स. एवढ्यासाठी मी तेहतीस वर्षं सुया टोचल्या असं म्हटलं तरी चालेल.

घर घ्यायचं तर तुळजापूरला, हे मी एकटीनं ठरवलं. हिशोब साधा होता. सोलापूरकडून नवी रेल्वे येणार, स्टेशन होणार, गाव पसरणार. शिवाय जिथं अख्खा महाराष्ट्र येतो तिथं भाडेकरूंना काय तोटा? आमच्या गरडांची कुलस्वामिनीही तिथलीच, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्याचा भाडेकरूंशी काय संबंध असणार, असं मला वाटलं. खरेदीखतावर सही करणारं माणूस इतकं बिनडोक असू शकतं, यावर माझा आता विश्वास बसलाय.

एजंटचं नाव गुंडाप्पा. नळदुर्गकडचा, कपाळावर आडवं भस्म, आणि बोलता बोलता हवेत बोटानं नकाशे काढायची सवय. त्यानं आम्हाला गावाबाहेर रेल्वेनगर नावाच्या वस्तीत नेलं. रेल्वे अजून आली नव्हती, पण रेल्वेनगर आलं होतं. बारा-तेरा नवी घरं, एक पिठाची गिरणी, एक मोबाईलचं दुकान, आणि बाकी कापणी झालेल्या ज्वारीची धसकटं.

"ह्ये बगा मॅडम," गुंडाप्पा धसकटांकडं हात करून म्हणाला, "तितं स्टेशन. तितं रिक्षा स्टँड. तितं तुमचं मोट्टं हॉस्पिटल. हितनं चालत धा मिंटं."

"आणि पाणी?"

"आट दिसाला येतंय की. स्टेशन झाल्यावर रोज."

दोन खोल्या, हॉल, स्वयंपाकघर, वर गच्ची आणि टाकी. चोवीस लाख. मी भिंती ठोकून बघितल्या, नळ सोडून बघितले, संडासात पाणी टाकून बघितलं आणि सौदा केला. सही करायच्या आधी खरेदीखतावरचं माझं नाव दोनदा वाचलं.

वास्तुशांत अक्षय तृतीयेला झाली. आता आमच्यात रीत अशी की पूजेला घरातलं थोरलं जोडपं बसतं. त्यामुळं माझ्या पैशाच्या घरात, माझ्या नावाच्या घरात पाटावर बसले लिंबाजीराव आणि त्यांच्या मंडळी हरणाबाई. मी काय करत होते? मी आत सत्तर माणसांचा शिरा हलवत होते. गुरुजींनी घराची किल्ली हळदकुंकू लावून यजमानांच्या ओंजळीत ठेवली, म्हणजे लिंबाजीरावांच्या. त्यांनी ती कपाळाला लावली आणि कोपरीच्या खिशात टाकली. परत काढली नाही. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. हे म्हणाले, "आता चारचौघांत कसं मागायचं? आपल्याकडं दुसरी हाय की."

त्यावर कडी म्हणून लिंबाजीरावांनी आहेर केला तो संगमरवरी पाटीचा. वर 'आई तुळजाभवानी कृपा' आणि खाली मोठ्या अक्षरात 'गरड परिवार'. अठराशे रुपयांची पाटी. त्यांनी स्वतः पाना-हातोडा घेऊन ती दारावर ठोकली आणि मग वळून सगळ्या पाहुण्यांना म्हणाले, "आजपासून गरडांचं तुळजापुरात हक्काचं घर झालं बरं का!" सत्तर माणसांनी माना हलवल्या. त्यातल्या निदान पन्नासांनी ते मनावर घेतलं.

जूनमध्ये भाडेकरू मिळाले, आणि भाडेकरू म्हणजे अगदी हिरा. चाँदपाशा रेल्वेच्या कामावरच्या ठेकेदाराकडं जेसीबी चालवायचा. बायको जास्मिन घरी ब्लाऊज शिवायची. एकच मुलगी, सिमरन, दहावीला. दारू नाही, भांडण नाही, भाडं न चुकता एक तारखेला. शिवाय रेल्वे खरंच येतेय का नाही याची पक्की बातमी घरबसल्या. मी त्यांना स्वयंपाकघराच्या दारामागं एक तक्ता चिकटवून दिला, लसीकरणाचा असतो तसा चौकटींचा. मोटर कधी लावायची, टाकी कधी धुवायची, पिंप कोणत्या वारी कोरडं करायचं. जास्मिननं तक्ता वाचला आणि म्हणाली, "सिस्टर, लई डिटेल हाय." मला कौतुक वाटलं.

पहिली धाड पडली जुलैत, एका मंगळवारी. जास्मिनचा फोन आला, "सिस्टर, तुमचे पावणे आलेत. लिंबाजीमामा. संग नऊ माणसं हायत. देवीला निघालेत, हितं आंघोळी करून जातो म्हणत्यात."

"आत कसे आले?"

"आता घरमालकाचे पावणे, दारात कसं हुबं ठेवायचं?"

माझ्या डोक्यात किल्लीच फिरत होती. कोपरीच्या खिशातली. मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी पेपर तोंडापुढं धरला.

आठ दिवसांचं पाणी दहा माणसांनी एका सकाळी संपवलं. मग नवरात्रात चौदा माणसं आली, कोजागरीला अकरा चालत आली आणि हॉलभर पाय पसरून झोपली. दिवाळीनंतर एका पुतण्याचं लग्न झालं, त्याच्या देवदर्शनाला टेम्पोच आला. टेम्पोत एकोणीस माणसं, संबळ वाजवणारे गोंधळी दोन आणि नवरानवरी. गच्चीवर गोंधळ घातला. सिमरन बिचारी शेजारच्या गिरणीत बसून भूमितीचा अभ्यास करत होती. गिरणी चालू होती, तरी तिथं जास्त शांत होतं म्हणे.

हरणाबाईंचं सांगायचं तर पहिल्या खेपेला त्या स्वतःचा स्टोव्ह, स्वतःचं पातेलं आणि स्वतःचा हंडा घेऊन आल्या होत्या, मुसलमानाच्या घरातलं पाणीसुद्धा नको म्हणून. कोजागरीला त्या जास्मिनच्या हातचा खिचडी-खट्टा खाऊन त्या चिंचेच्या खट्ट्याची रीत विचारत होत्या. टेम्पोच्या वेळी चार ब्लाऊज पीस घेऊन आल्या आणि "पोरी, जरा सैल शिव" म्हणून ठेवून गेल्या. शिलाईचं नाव नाही. देवीच्या दारात येऊन माणसाचं मन मोठं होतं म्हणतात, जाऊबाईंचं ब्लाऊजच्या मापात झालं.

आणि मी काय करत होते? मी माझ्या परीनं घर सांभाळत होते. सकाळी सात वाजता जास्मिनला फोन: मोटर बंद केली का? संध्याकाळी एक फोन: गच्चीचं दार लावलं का? पंधरवड्यातून एकदा, कधी दोनदा, परंड्याहून बार्शी, बार्शीहून तुळजापूर अशी बस बदलत मी स्वतः जायचे. नळ बघायचे, ओल बघायचे, पिंपाचं झाकण उचलायचे. कधी उशीर झाला तर हॉलमध्ये सतरंजीवर झोपायचे. मालकीण म्हणून एवढं करायलाच पाहिजे. आजकाल करतं कोण?

जानेवारीत, पौषातल्या नवरात्रात, चाँदपाशाचा फोन आला. तो कधी फोन करत नाही, म्हणून मी आधीच घाबरले.

"सिस्टर, राग मानू नका. फेब्रुवारीच्या एक तारखेला घर खाली करतो. पोरीचं दहावीचं वर्स हाय. हितं तिला अभ्यासाला जमंना."

माझं एक तारखेचं घर एक तारखेलाच रिकामं होणार होतं. मी खुर्चीत बसले. खरं सांगते, मला रडू आलं. सहा हजारांचं नव्हे. रिकामं घर म्हणजे लगेच गरडांची धर्मशाळा होणार, किल्ली कोपरीतून निघणार, आणि मग आयुष्यात एकदा माझं म्हणून घेतलेलं तेही दादाला विचारून चालणार, याचं रडू. मी डोळे पुसले आणि ह्यांना म्हणाले, "उठा. तुळजापूरला जायचंय. आज तुमच्या दादाचा निकाल लावते."

"दादा कुठं हाय तितं?"

"उद्या पौर्णिमा आहे. नसला तर येईल."

दोन बसमध्ये मिळून चार तास मी मनात भाषण तयार केलं. कलमवार. ह्यांनी खिडकीतून बाहेर बघत शेंगा खाल्ल्या.

रेल्वेनगरात पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी पर्समधून माझी किल्ली काढली, दार उघडलं आणि आत गेले. हॉलमध्ये जास्मिन टेप घेऊन एका बाईचं माप घेत होती. बाई अर्ध्या कपड्यांत होती. ती जी किंचाळली, ती थेट पिठाच्या गिरणीपर्यंत ऐकू गेली असेल. ह्यांनी दारातूनच उलटं तोंड केलं आणि रस्त्यावर पळाले.

"अहो किंचाळता काय," मी म्हणाले, "मी नर्स आहे. तुमच्यासारख्या हजारो बघितल्यात."

बाईला हे काही पटलं नाही. तिनं साडी गुंडाळली, न शिवलेला पीस उचलला आणि मागच्या दारानं निघून गेली. जास्मिननं टेप गळ्यात टाकला आणि खाली बसली. सिमरन आतल्या खोलीच्या दारात वही घेऊन उभी होती.

मी भाषणाला सुरुवात केली. "जास्मिन, मला सगळं माहितीये. माझ्या दिरांनी तुम्हाला लई त्रास दिला. आज मी त्यांच्याकडनं ती किल्ली काढून घेणार आहे. तू फक्त सांग, ते किती वेळा आले? मला आकडा पाहिजे."

"पाच येळा," जास्मिन म्हणाली.

"पाचच?" मला जरा कमीच वाटलं. "बरं. पाच वेळा किल्लीनं दार उघडून..."

"किल्लीनं न्हाय, सिस्टर. लिंबाजीमामा बेल वाजवत्यात. दार उघडूस्तोवर पायरीखाली हुबे ऱ्हात्यात. म्या एकदा म्हनलं, मामा, तुमच्याकडं तर किल्ली हाय. तर म्हनले, आत माणसं ऱ्हात्यात, पोरी, किल्लीनं कसं उघडावं?"

हातातली किल्ली मी पर्समध्ये टाकली.

"त्रास झाला, न्हाय म्हनत न्हाय," जास्मिन पुढं म्हणाली. "त्या टेम्पोच्या वक्ताला तर म्या रडले. पर पावणे येत्यात, खात्यात, जात्यात. जाताना हरणामावशीनं सिमरनच्या हातावर शंभराची नोट ठेवली. तिला बी कळतं की आपण पावणे हाव. सिस्टर, रागावणार न्हाय ना?"

"नाही," मी रागावून म्हणाले.

"जरा बाहीर या."

ती मला दाराबाहेर घेऊन गेली. पाटीच्या खाली, चौकटीच्या उजव्या बाजूला, खडूच्या तारखा होत्या. एकाखाली एक. तेहतीस वर्षांची सवय; मी कधी टाकल्या ते माझं मलाही आठवत नव्हतं. पण अक्षर माझंच होतं. खाली बारीक सहीसुद्धा होती. जास्मिननं त्या पुसल्या नव्हत्या. पावसाची झड लागून पहिल्या दोन फिकट झाल्या होत्या, तरी वाचता येत होत्या.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजल्या. एकोणीस.

"बेल एकदा बी न्हाय," सिमरन मागून म्हणाली. पोरगी अभ्यासात हुशार आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकी, हे त्या दिवशी कळलं. "आणि सप्टेंबरमध्ये तुम्ही पिंपाचं पाणी ओतून दिलं ना, त्या दिवशी माझा चाचणीचा पेपर होता. पाणी पाच दिवसांनी येणार होतं. मी तशीच गेले."

"त्यात अळी होती," मी म्हणाले.

"अळी न्हवती, सिस्टर," जास्मिन खाली बघत म्हणाली. "मशीनवरचा दोरा हुता. काळा."

ह्यांनी रस्त्याच्या पलीकडून विचारलं, "झालं का? येऊ का आत?"

मला लाज वाटली. सरळ सांगते, एवढी लाज निलंबनाची नोटीस आली असती तरी वाटली नसती. मी पायरीवर बसले. तेहतीस वर्षं लोक मला दारातून आत येऊ देत होते, कारण मी सरकारची माणूस होते आणि त्यांचं लेकरू माझ्या हातात होतं. ते घर माझं आहे म्हणून नव्हे. इथं घर माझं होतं, आणि नेमकं म्हणूनच मला आत जायचा काही हक्क नव्हता. हे कायद्यात कुठं लिहिलंय की नाही मला माहीत नाही. पण त्या एकोणीस तारखांमध्ये लिहिलेलं होतं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. लिंबाजीराव आणि हरणाबाई उतरले. दोन पिशव्या, एक वळकटी, ओटीचं ताट. लिंबाजीराव पायरीखाली आले, मला बघितलं, आणि मी तिथंच बसलेली असतानासुद्धा हात लांब करून बेल दाबली.

"भावजी," मी म्हणाले, "ती वास्तुशांतीची किल्ली कुठंय?"

"देव्हाऱ्यात हाय की," ते म्हणाले. "का? पाहिजे व्हय?"

"देव्हाऱ्यात?"

"मग कुठं ठेवणार? गरडांच्यात आजवर कुणा बाईनं घर घेतलं न्हवतं. गुरुजीनं हळदकुंकू लावून दिलेली किल्ली, खिळ्याला कशी टांगावी? रोज फूल वाहतो तिला."

चार तासांचं भाषण होतं माझ्याकडं, कलमवार. एक कलम कामाचं राहिलं नाही. तरी मी सहजासहजी हरणारी नाही. म्हणाले, "मग पाटीवर माझं नाव का नाही?"

लिंबाजीरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "टाकणार हुतो. पर त्यो पाटीवाला अक्षरावर पैसे घेतो. 'सौ. मथुराबाई बलभीम गरड' लई लांब जायला लागलं. परिवारात भागलं."

हरणाबाई म्हणाल्या, "आता आत तर जाऊ द्या, पाय दुखायलेत. पोरी, माझे बिलाऊज झाले का?"

त्या पायरी चढायला लागल्या. मी उभी राहिले. पर्समधून माझी किल्ली काढली. लाल दोरा बांधलेली. आठ महिने झोपताना मी ती उशाखाली ठेवत होते. जास्मिनपुढं धरली, पण बोटं पटकन सुटेनात. जास्मिननं ओढली नाही. वाट बघितली. मग सुटली.

"ही तुझ्याकडं ठेव. दुसरी भावजींच्या देवाकडं आहे, ती तिथंच राहू दे. सकाळचा फोन बंद. संध्याकाळचाही बंद. आणि तो दारामागचा तक्ता काढून टाक."

"तक्ता ऱ्हाऊ द्या," जास्मिन म्हणाली. "त्याच्यावर म्या गिऱ्हाइकांची मापं लिवत्ये."

"आणि परीक्षा होईपर्यंत इथं कुणी येणार नाही. मीही नाही. चाँदपाशांना सांग. मग काय ते ठरवा."

"आँ?" लिंबाजीराव म्हणाले. "मग आमी ऱ्हायचं कुठं?"

"लॉजवर. माझ्याबरोबर."

"घर असताना लॉजवर? लोक काय म्हनतील?"

"आत माणसं राहतात, भावजी," मी म्हणाले. "किल्लीनं कसं उघडावं?"

लिंबाजीरावांनी वळकटी काखेला मारली आणि चालायला लागले. हरणाबाईंना मात्र जास्मिननं चारही ब्लाऊज आणून दिले. मी जाऊबाईंकडं नुसतं बघितलं. त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला आणि शिलाईचे पैसे मोजून दिले. आमच्या घराण्यात अशी गोष्ट पहिल्यांदाच घडत होती.

मी पदराचं टोक ओलं करून खडूच्या तारखा पुसायला गेले, तर जास्मिननं अडवलं. "ऱ्हाऊ द्या. पावसाळ्यात जातील." आणि मग मी फाटकाबाहेर पडल्यावर मागून म्हणाली, "सिस्टर, एक तारखेला भाडं टाकते. नेहमीसारखं."

मी वळले नाही. वळले असते तर पुन्हा रडले असते, आणि ह्यांच्यापुढं एका दिवसात दोनदा रडणं मला परवडणारं नव्हतं.

पौर्णिमेची गर्दी होती. तिसऱ्या लॉजवर खोली मिळाली, चार पलंगांची. मॅनेजरनं बाराशे सांगितले. ह्यांनी सवयीनं तोंड उघडलं, "दादाला विचा..." तोवर मी पैसे देऊन टाकले होते. माझ्या भाड्याचे. सात महिन्यांत त्या पैशांतून कुणाला न विचारता केलेला तो पहिला खर्च. आणि झाला कुणावर, तर गरड परिवारावरच. पण निदान विचारलं तरी नाही.

मॅनेजरनं वही पुढं सरकवली आणि विचारलं, "दर पुनवंला येता का? हितं कुणी वळकीचं न्हाय का तुमचं?"

मी काही म्हणायच्या आत लिंबाजीराव पुढं झाले. "वळकीचं कशाला? घर हाय आमचं. आमचं म्हंजे हिचं. रेल्वेनगरात. स्वतःच्या कमाईचं."

"मग लॉजवर?"

"भाड्यानं दिलंय वो," लिंबाजीराव जरा मोठ्यानंच म्हणाले, म्हणजे रांगेतल्या मागच्या माणसांनाही ऐकू जावं. "भाडेकरू हायत तितं. त्यांला तरास नको."

मी पेन घेतलं. नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण, सगळ्या अक्षरांसकट. पुढचा रकाना होता 'येण्याचे कारण'. वरच्या सगळ्यांनी 'देवदर्शन' लिहिलं होतं. माझा हात सवयीनं चालला आणि लिहून गेला, 'गृहभेट'. मी ते खोडलं, आणि 'देवदर्शन' लिहिलं.